एका ‘&’ने खाल्लेला विषय : आरएफसी ६०६८ वाचताना

“ताई, मी तर त्यांच्याच लिंकवर क्लिक केलं होतं.”

माझी एक ज्युनिअर मला हे सांगत होती, तेव्हा आम्ही बदलापूर लोकलमध्ये दाराजवळ कशाबशा उभ्या होतो. एका संस्थेने पीएचडी प्रवेशाची जाहिरात वेबसाइटवर टाकली होती. जाहिरातीखाली ‘अर्ज पाठवण्यासाठी येथे क्लिक करा’ अशी लिंक होती. क्लिक केलं की मेलचा कोरा मसुदा उघडायचा आणि त्यात पत्ता व विषय आधीच भरलेला असायचा. तिने बायोडेटा जोडला, मेल पाठवला आणि वाट बघत बसली. उत्तर आलंच नाही.

रात्री जांभूळला घरी पोचल्यावर मी ती लिंक उघडून बघितली. विषयात यायला हवं होतं : ‘पीएचडी अर्ज : जीवरसायन & पर्यावरणशास्त्र, जाहिरात क्र. ३’. मसुद्यात आलं एवढंच : ‘पीएचडी अर्ज : जीवरसायन’. ‘&’नंतरचं सगळं गायब. पर्यावरणशास्त्र गेलं आणि जाहिरात क्रमांकही गेला. स्क्रीनवर एररचा संदेश नाही, लाल रेघ नाही. तिला वाटलं, विषय असाच असतो.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण तुम्ही संशोधनाकडे निघालेले आहात. विषय तुटला म्हणूनच तिला उत्तर आलं नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित आलेले अर्ज विषयावरून वेगळे काढत असतील, कदाचित नसतीलही. माझ्याकडे पुरावा एवढाच आहे की लिंक चुकीची होती आणि ती चूक कुणालाच दिसली नाही. पण तेवढ्यावरून मी या सगळ्याचं मूळ कागदपत्र शोधून काढलं आणि ओळ न् ओळ वाचलं. आजचं लेखन त्या कागदपत्राबद्दल आहे. एखादा शोधनिबंध वाचतो तसंच ते वाचायचं : काय म्हटलंय, काय गृहीत धरलंय आणि आपण त्यात कुठे आहोत.

(एक सूचना : इथे मी कोड देवनागरीत लिहिते आहे. %२० म्हणजे टक्केचिन्ह आणि पुढे दोन व शून्य. प्रत्यक्ष वापरताना इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरं टाकायची.)

कागदपत्र कोणतं

इंटरनेटचे नियम ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ म्हणजे आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात. क्लिक केल्यावर मेल उघडणाऱ्या लिंकला ‘मेलटू’ लिंक म्हणतात, कारण ती ‘मेलटू’ आणि अपूर्णविरामाने सुरू होते. तिचा सध्याचा नियम आरएफसी ६०६८, प्रसिद्धी ऑक्टोबर २०१०. लेखक तीन : मार्टिन ड्युर्स्ट, लॅरी मॅसिंटर आणि जेमी झाविन्स्की.

आरएफसी हातात आला की पहिल्यांदा वर कोपऱ्यात बघा. हा कुठला जुना दस्तऐवज रद्द करतो, ते तिथे लिहिलेलं असतं. ६०६८ रद्द करतो आरएफसी २३६८ला, जो जुलै १९९८चा आहे. त्याच्याही आधी डिसेंबर १९९४च्या आरएफसी १७३८मध्ये मेलटू होतं, पण तिथे फक्त पत्ता देता यायचा. विषय आणि मजकूर आधीच भरून देण्याची सोय १९९८मध्ये नियमात आली.

म्हणजे एकूण तीन पिढ्या. संशोधनात आपण ज्याला ‘लिटरेचर’ म्हणतो ते हेच. नुसता शेवटचा पेपर वाचून थांबलात तर काय बदललं ते कळतं, का बदललं ते कळत नाही.

नियम काय सांगतो

मेलटू लिंकमध्ये काही चिन्हांना काम नेमून दिलेलं आहे. पत्ता संपून पुढचे तपशील सुरू होतात तिथे ‘?’ येतं. तपशिलाचं नाव आणि त्याची किंमत यांच्यामध्ये ‘=’. एक तपशील संपून दुसरा सुरू होतो तिथे ‘&’. ‘#’चं काम कुठल्याही वेबपत्त्यात वेगळंच असतं आणि ‘%’ तर एन्कोडिंगचंच चिन्ह आहे.

आता यातलं एखादं चिन्ह तुम्हाला मजकूर म्हणून हवं असेल, तर ते कामावर नाही, सुट्टीवर आहे, हे सांगावं लागतं. ते सांगायची पद्धत म्हणजे पर्सेंट एन्कोडिंग : टक्केचिन्ह आणि त्या बाइटचा सोळा-आधारी दोन अंकी आकडा. मोकळी जागा %२०, ‘&’ म्हणजे %२६, ‘#’ म्हणजे %२३, ‘?’ म्हणजे %३एफ आणि खुद्द ‘%’ म्हणजे %२५.

माझ्या ज्युनिअरच्या लिंकमध्ये ‘&’ उघडाच राहिला होता. मेलच्या प्रोग्रॅमला वाटलं विषय संपला, आता नवा तपशील. ‘पर्यावरणशास्त्र, जाहिरात क्र. ३’ नावाचा तपशील त्याला ओळखीचा नव्हता. दिला टाकून. प्रोग्रॅमने नियम पाळला. चूक लिहिणाऱ्याची होती आणि नुकसान मात्र तिसऱ्याच माणसाचं झालं.

दस्तऐवजाचं बलस्थान

६०६८ मला आवडला तो उदाहरणांमुळे. नियम सांगून तो थांबत नाही, नियम जिथे मोडतात नेमकी तीच उदाहरणं देतो. पत्त्यातच ‘&’ असेल तर काय, ‘?’ असेल तर काय, ‘%’ असेल तर काय, हे एकेक करून दाखवतो. प्रयोगात आपण टोकाच्या नमुन्यांवर पद्धत तपासतो ना, तसं.

दुसरं म्हणजे तो थर वेगळे ठेवतो. वेबपानावर लिंक लिहिताना तिच्यावर दोन नियम एकाच वेळी चालतात : मेलटूचा आणि एचटीएमएलचा. मजकुरातला ‘&’ मेलटूच्या नियमाने %२६ होतो. पण दोन तपशिलांमधला, कामावरचा ‘&’ तसाच ठेवायचा असतो, आणि तो एचटीएमएलमध्ये लिहिताना ‘&एएमपी;’ असा लिहावा लागतो. ब्राउझर पान वाचताना ‘&एएमपी;’चा परत ‘&’ करतो आणि मगच लिंक मेलच्या प्रोग्रॅमकडे जाते. हे दोन ‘&’ वेगळे आहेत. नवशिक्यांच्या बहुतेक चुका हे दोन थर एक समजल्यामुळे होतात. कुणी दोन्हीकडे %२६ टाकतं, मग तपशील सुटे होतच नाहीत. कुणी एन्कोड केलेल्या लिंकवर पुन्हा एन्कोडिंग चालवतं, मग %२०चं %२५२० होतं आणि विषयात शब्दांच्या मध्ये %२० छापून येतं.

तिसरी गोष्ट ‘+’ची. वेबवरचे फॉर्म मोकळ्या जागेसाठी ‘+’ वापरतात. ६०६८ स्पष्ट सांगतो की मेलटूमध्ये हे करू नका, मोकळी जागा %२०नेच लिहा. कारण खरा ‘+’ आणि मोकळ्या जागेचा ‘+’ यातला फरक मग कळत नाही, आणि मेलच्या पत्त्यात खरा ‘+’ असू शकतो. मी रसायनशास्त्राची असल्यामुळे मला हे लगेच पटलं. ‘शिसे+कॅडमियम’ या विषयातला ‘+’ हरवला तर उरतं काय? आणि उलट बाजूने, ‘पीएचडी+अर्ज+२०२४’ असा विषय आलेला मेल तुम्हीही पाहिला असेल. तो पाठवणाऱ्याचा अडाणीपणा नसतो. लिंक बनवणाऱ्याने चुकीचं फंक्शन वापरलेलं असतं. पीएचपीमध्ये ‘यूआरएलएन्कोड’ मोकळ्या जागेचा ‘+’ करतं, ‘रॉयूआरएलएन्कोड’ %२० करतं. पायथनमध्ये तसाच फरक ‘क्वोट-प्लस’ आणि ‘क्वोट’ यांच्यात आहे.

आता टीका : ‘विशेष’ कोण?

या विषयावर कुठेही वाचा, ‘विशेष चिन्हं’ असा शब्द येतो. ‘&’ विशेष, ‘#’ विशेष, आणि त्याच यादीत म, रा, ठी. मला हा शब्द पटत नाही. ‘&’ विशेष आहे कारण त्याला लिंकमध्ये काम आहे. ‘म’ला काहीच काम नाही, तो साधा मजकूर आहे. त्याला एन्कोड करावं लागतं ते निव्वळ या कारणाने की वेबपत्त्यांचा नियम मूळच्या इंग्रजी अक्षरांच्या छोट्या संचावर उभा आहे. ही दोन कारणं वेगळी आहेत. एकाच नावाखाली घातली की दुसरं कारण दिसेनासं होतं.

इतिहास बघा. १९९८च्या आरएफसी २३६८मध्ये आठ बिटांची अक्षरं मेलटू लिंकमध्ये चक्क निषिद्ध होती. विषयासाठी ईमेलच्या जुन्या ‘एन्कोडेड वर्ड’ पद्धतीची आडवाट होती, पण मजकुरासाठी तीही नव्हती. म्हणजे २०१०पर्यंत, पूर्ण बारा वर्षं, लिंकमधून मराठीत पत्राचा मसुदा भरून देणं नियमाप्रमाणे शक्यच नव्हतं. आणि अडचण तंत्राची नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये रचली. साहित्य होतं, नियम मागे होता. ६०६८ने यूटीएफ-८चे बाइट टक्केचिन्हाने लिहायची परवानगी दिली. हा त्याचा सगळ्यात मोठा बदल, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

पण परवानगी मिळाली म्हणजे किंमत संपली असं नाही. हिशेब करू. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. प्रत्येक बाइट लिंकमध्ये तीन अक्षरांचा होतो. तीन त्रिक नऊ. ‘म’ हा एकटा ‘%ई०%ए४%एई’ असा जातो. ‘नमस्कार’मध्ये सात चिन्हं आहेत (हलन्त आणि काना धरून), म्हणून त्याची होतात ६३ अक्षरं. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर आठ.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये वेबपत्त्याची कमाल लांबी २,०८३ अक्षरं होती. भागिले नऊ केलं तर २३१ देवनागरी चिन्हं. ‘महोदय, मी आपल्या विभागात पीएचडी प्रवेशासाठी’ एवढ्यावरच त्यातली जवळपास चाळीस संपतात. तो ब्राउझर आता गेला, पण लिंक घेणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला कुठे ना कुठे मर्यादा असतेच, आणि तिच्यापलीकडचा मजकूर तोही गुपचूप कापला जाऊ शकतो. ६०६८ म्हणतो की लिंकमधला मजकूर छोट्या संदेशांसाठी आहे. बरोबर आहे. पण छोटा म्हणजे कुणाच्या भाषेत छोटा? इंग्रजीतला छोटा संदेश मराठीत लिंकपुरता मोठा होतो.

उदाहरणांची बाजूही बघा. इंग्रजीबाहेरचं म्हणून तिथे काय दिलंय? फ्रेंच वळणाचा ‘कॅफे’ आणि जपानी ‘नात्तो’. ड्युर्स्ट जपानमधल्या आओयामा गाकुइन विद्यापीठात होते, तेव्हा नात्तो येणं स्वाभाविक आहे. देवनागरीचं एकही उदाहरण नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही. मसुद्याच्या टेबलाशी जो बसतो, त्याच्या ताटातला पदार्थ उदाहरणात येतो. प्रश्न असा की आपण टेबलाशी कधी बसणार?

मराठीची स्वतःची गाठ

‘ॲप्लिकेशन’ हा शब्द घ्या. यातला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत २००८मध्ये आलं. दुसरा म्हणजे ‘अ’ आणि वर चंद्र, अशी दोन चिन्हं. डोळ्याला सारखेच दिसतात, बाइट वेगळे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ्’ही तसाच. काही जण ‘ऱ’ वापरतात, काही ‘र’ला हलन्त लावून एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. लिंकमध्ये ते अदृश्य चिन्हही नऊ अक्षरं घेऊन बसतं.

एन्कोडिंग हे सगळं अतिशय प्रामाणिकपणे वाहून नेतं. पण पलीकडे कुणी ‘ॲप्लिकेशन’ या शब्दावर मेलची चाळणी लावली असेल, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला मेल तिच्यात सापडणार नाही. ६०६८चं हे कामच नाही, मान्य. तरी ‘नियमाप्रमाणे बरोबर’ आणि ‘पोचलं’ यांत अंतर आहे, ते आपण लक्षात ठेवायचं. विषयात मराठी जरूर लिहा, पण चाळणीसाठी साधा अंकी क्रमांक द्या, आणि तो विषयाच्या सुरुवातीला ठेवा. कापलं गेलं तर शेपूट जातं, डोकं राहतं.

ओझं कुणाच्या डोक्यावर

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ६०६८ने सगळी जबाबदारी लिंक लिहिणाऱ्यावर टाकली आहे. लिंक चुकली तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने काय करायचं, निदान ‘यातला काही भाग मला कळला नाही’ एवढं तरी सांगायचं का, यावर तो जवळपास गप्प आहे. आणि लिंक लिहितो कोण? कॉलेजच्या ऑफिसमधला एखादा कर्मचारी, जो जाहिरात टाइप करतो, पीडीएफ चढवतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याने %२६ पाठ करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

आमच्या जांभूळचं नाव बाहेर माहीत असतं ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवीचं पाणी उल्हास नदीतून उचलून इथे शुद्ध होतं आणि मग पुढे शहरांकडे जातं. प्रत्येक घराने नळाखाली स्वतःचं केंद्र बांधावं असं कुणी म्हणत नाही. एन्कोडिंगही असंच मधल्या एका ठिकाणी व्हायला हवं : वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. पत्ता, विषय, मजकूर असे तीन रकाने द्या, माणसाने सरळ मराठीत भरावं, बाकीचं यंत्राने करावं.

ते होत नाही म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी आणि विद्यापीठीय वेबसाइटवर पत्ता ‘[ॲट]’ आणि ‘[डॉट]’ असे कंसातले इंग्रजी शब्द घालून लिहिलेला असतो. हेतू असा की पत्ते गोळा करणाऱ्या स्पॅम-यंत्रांना तो सापडू नये. पण असे ठरावीक कंस ओळखणं यंत्राला अवघड नाही. अडतो तो मोबाइलवरून अर्ज करणारा विद्यार्थी. एकेक अक्षर पुन्हा टाइप करतो, आणि एक अक्षर चुकलं की मेल परत.

दुसऱ्या बाजूचाही पेपर वाचा

तुम्ही म्हणाल, प्रोग्रॅमने थोडं सैल राहून चुका समजून घ्याव्यात. सैलपणाचीही किंमत असते. २०२०मध्ये जर्मनीतल्या रुहर विद्यापीठ, बोखुम आणि म्युन्स्टरच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मेलटूवर एक पेपर लिहिला. काही मेल प्रोग्रॅम ‘अटॅच’ नावाचा, नियमात नसलेला तपशील स्वीकारत होते, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे लिंकवर क्लिक केलं की तुमच्या संगणकातली एखादी फाइल मसुद्याला आपोआप जोडली जाऊ शकत होती. पाठवा दाबण्याआधी लक्ष गेलं नाही, तर फाइल गेली.

त्यामुळे अनोळखी तपशील टाकून देणं ही सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच वागणूक आहे. माझा आक्षेप टाकून देण्यावर नाही, न सांगता टाकून देण्यावर आहे. हा फरक मला तो पेपर वाचल्यावर कळला. त्याआधी मी नुसतीच चिडलेली होते.

करून बघा

जावास्क्रिप्टमध्ये तीन जवळपास सारख्या नावांची फंक्शनं आहेत. ‘एस्केप’ हे जुनं, ते ‘म’चं ‘%यू०९२ई’ असं काहीतरी करतं जे मेलटूच्या नियमात बसतच नाही. ते विसरा. ‘एन्कोडयूआरआय’ अख्ख्या पत्त्यासाठी आहे, ते ‘&’, ‘?’, ‘#’ आणि ‘+’ला हात लावत नाही. आपल्याला हवं ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’. विषय वेगळा एन्कोड करा, मजकूर वेगळा. मग ‘?’, ‘=’, ‘&’ घालून जोडा. आणि शेवटी, पानात लिहिताना, जोडणीचा ‘&’ एचटीएमएलच्या पद्धतीने लिहा. प्रत्येक थराला एकदाच. मजकुरात नवी ओळ हवी असेल तर नियम %०डी%०ए अशी जोडी मागतो, नुसतं %०ए पुरत नाही.

मग चाचणी. ‘अ & आ + इ ? # १००% दुसऱ्या’ असा मुद्दाम खडबडीत विषय ठेवून लिंक बनवा आणि ती स्वतःलाच पाठवा. मसुदा बघून थांबू नका, पोचलेला मेल उघडा. एकदा संगणकावर, एकदा मोबाइलवर. जसाच्या तसा आला तर तुमची पद्धत बरोबर. ‘अ’वर थांबला तर चूक कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि अर्ज करणाऱ्या बाजूला असाल तर एवढंच करा : लिंकने भरलेला विषय जाहिरातीतल्या विषयाशी शब्दशः ताडून बघा. तुटलेला दिसला तर हाताने पूर्ण करा, जाहिरात क्रमांक घाला, मगच पाठवा. माझ्या ज्युनिअरने दुसऱ्या दिवशी तसाच मेल पुन्हा पाठवला, लिंक तुटते आहे हेही नम्रपणे कळवलं. लिंक दोन दिवसांत दुरुस्त झाली. तिच्या अर्जाचं काय झालं ते अजून कळायचं आहे.